ताई एकदाही हो म्हणत नाही

“हे तुम्हाला कोणी लिहून दिलं?” बाह्य परीक्षकांनी विचारलं.

“कोनी नाई, सर. मीच लिवलं,” रेणुका म्हणाली.

“मीच लिवलं.” त्यांनी तिच्याच सुरात म्हणून दाखवलं आणि माझ्याकडे पाहून हसले. मी हसले नाही. रेणुकानं मान खाली घातली.

एम. ए. मराठीच्या शेवटच्या सत्राची तोंडी परीक्षा चालू होती. आमचं कॉलेज कारंजा लाडमध्ये आहे आणि मी तिथे मराठी शिकवते. एम. ए. च्या शेवटी आमच्या विद्यार्थ्यांना लघुप्रबंध लिहावा लागतो. म्हणजे एखादं पुस्तक घेऊन त्याचा स्वतः अभ्यास करायचा, आपल्याला काय दिसलं ते मांडायचं, बाइंडिंग करून द्यायचं आणि मग दोन परीक्षकांसमोर बसून प्रश्नांना उत्तरं द्यायची. या बसण्याला व्हायवा म्हणतात. एक परीक्षक कॉलेजचा, तो इंटर्नल. दुसरा बाहेरून पाठवलेला, तो एक्स्टर्नल. कागदावर दोघांचा अधिकार सारखा. प्रत्यक्षात एक्स्टर्नलनं गुण द्यायचे आणि इंटर्नलनं चहा-नाश्त्याचं आणि परतीच्या गाडीचं बघायचं.

इंटर्नल मी होते. रेणुकाची मार्गदर्शकही मीच.

तिनं घेतलेल्या कादंबरीचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर भांडण कादंबरीवर जाईल, आणि कादंबरीचा यात काहीच दोष नाही. जुनी, नावाजलेली कादंबरी आहे. एका मोठ्या घरातली थोरली मुलगी, तिला सगळे ताई म्हणतात. आई वारते. ताईचं ठरलेलं लग्न मोडतं आणि ती धाकट्या भावंडांना वाढवते. भावंडं शिकतात, त्यांची लग्नं होतात. ताई आहे तिथेच राहते, कमरेला घरातल्या किल्ल्यांचा जुडगा लावून. ही सगळी गोष्ट तिचा धाकटा भाऊ सांगतो. शेवटी ताई जाते आणि भाऊ तिच्या कमरेचा जुडगा सोडवून घेताना रडतो. वाचणारेही रडतात.

या कादंबरीवरची उत्तरं ठरलेली आहेत. ताई म्हणजे त्याग. किल्ल्या म्हणजे घरातला मान आणि अधिकार. गाईडमध्ये तेच असतं, गाईड वाचून शिकवणारे तेच शिकवतात आणि पेपर तपासणारे तेच शोधतात.

रेणुका कारंज्याच्या बाहेरच्या एका मळ्यातून यायची. घरची भाजीची शेती. सकाळी वडिलांबरोबर माल मार्केटला पोचवायचा आणि मग कॉलेज. वर्गात ती बोलत नसे. एक दिवस तास संपल्यावर विभागात आली आणि दारातच उभी राहिली.

“मॅडम, ताई एकदाबी हो म्हनत नाई.”

“म्हणजे?”

“पुस्तकात कुठीच नाई. लग्न मोडाचं का नाई हे तिचे बाबा अन् काका ओसरीवर बसून ठरवतात. तवा ताई आत हाय, सयपाकघरात. मंग भाऊ सांगते, ताईनं हसून मान हलवली. तेनं कुठून पाह्यलं? तो तर ओसरीवर बसून होता.”

मी पुस्तक उघडलं. ते पान मी अनेक वर्षं शिकवत होते. भाऊ खरंच ओसरीवर होता. पुढे ताईच्या नावची जमीन विकतात तिथेही तेच. भाऊ शहरातून पत्र पाठवतो, आणि पुढच्या ओळीत म्हणतो की ताईनं आनंदानं होकार दिला. होकार कोणी ऐकला, ते कुठेच नाही.

“अन् मॅडम, ज्याईचा ज्याईचा फायदा झाला ते सारे तिले त्यागी म्हनतात,” रेणुका म्हणाली. “बाकी कोनीच म्हनत नाई.”

मी तिला बसायला सांगितलं. किल्ल्यांबद्दल काय वाटतं, विचारलं.

“भाऊले ताई कुठं हाय ते बसल्या जागी समजते. माजघरात गेली, अंगनात गेली. किल्ल्या वाजतात ना. आमी गाईच्या गळ्यात घंटी बांधतो ते काय तिचा मान म्हनून नाई बांधत.”

शिक्षकाच्या नोकरीत असे दिवस फार येत नाहीत. मी म्हटलं, हेच लिही. लघुप्रबंधाचा विषय ठरला.

तिनं पहिला खर्डा जसा बोलते तसाच लिहिला होता. विद्यापीठाला प्रमाण मराठी लागतं, म्हणून मी तिला तो बदलायला लावला. तिनं बदलला. मी पुन्हा खुणा करून दिल्या, तिनं पुन्हा लिहिला. लायब्ररीच्या पंख्याखालच्या टेबलावर बसून ती एकेक वाक्य घासायची. छोटी वाक्यं, एकही शब्द फालतू नाही. शेवटची प्रत वाचताना मला दुरुस्तीला जागा सापडेना.

हाच तिचा गुन्हा ठरला.

आजकाल लघुप्रबंध जमा करण्याआधी तो एका सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. मजकूर इंटरनेटवरून उचललाय का, हे ते सॉफ्टवेअर तपासतं. आता त्यात आणखी एक रकाना आलाय: मजकूर माणसानं लिहिला की एआयनं, म्हणजे मशीननं. हे त्याला कसं कळतं ते आमच्या ग्रंथपालांना माहीत नाही, मला माहीत नाही आणि एक्स्टर्नल सरांनाही माहीत नव्हतं. मराठी त्याला कितपत वाचता येतं, हाही प्रश्नच. पण रिपोर्ट रंगीत येतो. रेणुकाच्या रिपोर्टवर त्या रकान्यातला आकडा लाल होता.

सरांनी तो रिपोर्ट टेबलावर माझ्यासमोर सरकवला.

“मॅडम, ही मुलगी बोलते कशी आणि लिहिते कशी, तुम्हीच बघा.”

“सर, आपण कोणीच बोलतो तसं लिहीत नाही.”

“मी लिहितो,” ते म्हणाले.

हे मात्र खरं होतं. त्या कादंबरीवरच्या गाईडच्या मुखपृष्ठावर त्यांचंच नाव होतं, आणि ते गाईडसारखंच बोलायचे.

मी रेणुकाच्या हातचे खर्डे काढून दाखवले. त्यांनी चाळले. “हे नंतरही उतरवून काढता येतं,” म्हणाले. मग तिच्याकडे वळले. “ताईचा त्याग हा त्याग नाहीच, हा विचार तुम्हाला कुठून मिळाला?”

“आमच्या घरी आत्या हाय, सर. माही आई बिमार राहे. आमाले आत्यानंच वाढवलं. तिचं लगन नाई झालं. घरी कोनी आलं का म्हनते, आत्यानं लय केलं. कादंबरी वाचल्यावर मी तिले इचारलं, आत्या, तू हो म्हनली होती का? तर आत्या म्हने, इचारलं कोनं?”

मला वाटलं, आता हा माणूस पेन खाली ठेवील.

“तुमच्या संदर्भसूचीत आत्याबाईंचं नाव दिसत नाही,” सर म्हणाले.

संदर्भसूची म्हणजे अभ्यासासाठी वापरलेल्या पुस्तकांची शेवटी जोडलेली यादी. हा विनोद होता. तो मला कळला, रेणुकाला कळला आणि आम्हा दोघींना कळलाय हे त्यांनाही कळलं. त्यांनी शेरा लिहिला: लेखनाच्या अस्सलतेबद्दल संशय, निकाल राखून ठेवावा.

निकाल राखीव म्हणजे नापास नाही. पण पासही नाही, आणि पास नसलेल्या माणसाला कोणी कामावर घेत नाही. केनवडच्या एका ज्युनिअर कॉलेजनं रेणुकाला तासिकेवर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याच पगारावर, घ्यायचं कबूल केलं होतं. त्यांना एम. ए. चा निकाल हवा होता. तिच्या वडिलांनीही सांगून ठेवलं होतं, नोकरी लागली तर थांबू, नाहीतर आलेलं स्थळ पाहू. बाप दुष्ट नव्हता. त्याच्या मळ्यात भाजीलाही त्यानं एवढीच मुदत दिली असती.

मी प्राचार्यांकडे गेले.

“मॅडम, तुमचं बरोबर असेल,” ते म्हणाले. “पण सर अभ्यास मंडळावर आहेत.”

अभ्यास मंडळ म्हणजे कोणती पुस्तकं शिकवायची हे ठरवणारी समिती. तिच्यावरच्या माणसाशी कोणतंही कॉलेज भांडत नाही.

“मुलगी खोटं बोलत नाही, सर. मी तिला लिहिताना पाहिलंय.”

“मग पुन्हा लिहू द्या ना तिला. सगळ्यांसमोर. फोन नाही, पुस्तक नाही. तुम्ही, मी आणि ते. त्याच कादंबरीवर प्रश्न देऊ. जमलं तर प्रश्नच मिटला.”

मला हा उपाय आवडला. तीन माणसांसमोर ती तेच लिहील, मग मशीन काय म्हणतं याला अर्थ उरणार नाही. सरांनीही फोनवर होकार दिला. मी आनंदानं रेणुकाच्या घरी निघाले.

मळ्यातल्या घरासमोर पत्र्याची सावली होती. तिथे आत्या मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, काटक बाई. रेणुका पाणी आणायला आत गेली.

“मॅडम, ते मशीन म्हनते का हे पोरीनं नाई लिवलं?” आत्यांनी विचारलं.

“हो.”

“अन् त्या सरले मशीनचं खरं वाटते.”

“हो.”

त्यांनी एक जुडी बांधून बाजूला ठेवली. “पोरीनं त्यात माहं काई लिवलं काय?”

“तुमच्याबद्दल नाही लिहिलं. पण तुमच्यामुळे तिला ते दिसलं.”

“म्हंजे माह्यामुळंच अटकलं.”

मी म्हटलं, तसं नाही. उलट तुमच्यामुळे तिनं असं काही लिहिलं जे आजवर कोणी लिहिलं नव्हतं. आत्यांनी ऐकून घेतलं. त्यांना ते पटलं नसावं. रेणुका पाणी घेऊन आली तेव्हा मी तिला परीक्षेची पद्धत समजावून दिली. म्हटलं, घाबरू नको. जे वाटतं तेच लिही, अगदी जसं मला सांगितलंस तसं. भाषा थोडी इकडेतिकडे झाली तरी चालेल.

“हो, मॅडम,” ती म्हणाली.

निघताना आत्या रस्त्यापर्यंत आल्या. पिशवीत वांगी दिली. मी नको म्हटलं तरी ऐकेनात.

“मी समजावतो तिले,” त्या म्हणाल्या. “तुमी काळजी नोका करू.”

मला वाटलं, धीर देतील.

परीक्षा प्राचार्यांच्या केबिनमागच्या मीटिंगच्या खोलीत झाली. प्रश्न सरांनीच काढला: ताईची व्यक्तिरेखा आणि कादंबरीतील प्रतीके यांविषयी तुमचे आकलन मांडा. रेणुकानं प्रश्न एकदा वाचला आणि लिहायला लागली. मध्ये थांबली नाही, खोडलं नाही, वर पाहिलं नाही. मी समोर बसून तिचा हात चालताना बघत होते आणि मनात म्हणत होते, बघा आता.

तिनं पेपर दिला आणि बाहेर गेली. आधी सरांनी वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा मोकळा होत गेला. मला वाटलं, जिंकलो.

“बघा,” ते म्हणाले आणि मोठ्यानं वाचू लागले. “‘ताई ही भारतीय स्त्रीच्या निरपेक्ष त्यागाची मूर्तिमंत प्रतिमा होय. तिने स्वेच्छेने आपल्या सुखाची आहुती दिली. तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा हे गृहस्वामिनीच्या अधिकाराचे व प्रतिष्ठेचे प्रतीक आहे.’ किती स्वच्छ लिहिलंय. काय मॅडम, मुलगी अभ्यासू आहे तुमची.”

मी पेपर हातात घेतला. सगळं गाईडमधलं होतं, ओळीला ओळ. तिला ते पाठ होतं. सगळ्याच विद्यार्थ्यांना असतं.

“सर, हे गाईड आहे,” मी म्हटलं. “तुमचंच.”

“मग चुकीचं आहे का?” त्यांनी विचारलं.

प्राचार्यांनी खिडकीकडे पाहिलं.

समितीचा निष्कर्ष सोपा होता. विद्यार्थिनीला कादंबरी समजली आहे. तिचं खरं आकलन आज दिलेल्या उत्तरात दिसतं. आधीचा लघुप्रबंध या आकलनाशी जुळत नाही, म्हणजे तो तिचा नाही. तरी मुलगी गरीब घरची आहे, प्रामाणिक दिसते, तिला संधी द्यावी. नव्यानं लिहून लवकर जमा करावा. सरांनी मोठ्या मनानं सही केली.

रेणुका व्हरांड्यात उभी होती. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

“काहून?” मी विचारलं. एवढाच शब्द तोंडातून निघाला, आणि तोही माझ्या आईच्या भाषेतला, जी मी कॉलेजात कधी बोलत नाही.

“मले पास व्हाचं हाय, मॅडम.”

“तू खरं लिहिलं असतंस तरी पास झाली असतीस.”

“नाई,” ती शांतपणे म्हणाली. “खरं लिवलं असतं तर त्यायनं म्हटलं असतं, मशीनचं पाठ करून आली. मंग अजून एक परीक्षा. ते दमले नसते, मी दमली असती.”

ती त्या माणसाला व्हायवाच्या थोड्याशा वेळात ओळखून चुकली होती. मी त्याच्याबरोबर कितीतरी परीक्षा घेतल्या होत्या, तरी ओळखलं नव्हतं.

“आत्या काय म्हणाल्या?”

“आत्या म्हने, त्याईले पाह्यजे ते लिवून दे अन् बाहेर निंघ. आत्याच म्हने, मी तवा नाई म्हनली असती तं कुठं गेली असती? तुले तं जाले जागा हाय.”

तिनं ओढणीनं घाम पुसला. रडत नव्हती. “मॅडम, तुमी माह्यासाठी लय केलं,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्याच लक्षात आलं की आपण काय बोललो.

नवा लघुप्रबंध लिहायला तिला काहीच वेळ लागला नाही. गाईडमधली प्रकरणं घेतली, क्रम बदलला, सुरुवातीला प्रस्तावना जोडली. ग्रंथपालांनी सॉफ्टवेअरमधून काढला. रिपोर्ट हिरवागार आला. गाईड छापील आहे, इंटरनेटवर नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरला ते कधी दिसलेलंच नव्हतं. आणि त्या जड, गोल वाक्यांत त्याला मशीनही दिसलं नाही. त्याच्या हिशोबानं हे सारं लेखन रेणुकाचं स्वतःचं आणि पूर्णपणे माणसाचं होतं.

लघुप्रबंधाच्या सुरुवातीला मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र असतं. ‘सदर लेखन विद्यार्थिनीने माझ्या मार्गदर्शनाखाली स्वतः केले आहे.’ पहिल्या वेळी मी खाली सही केली तेव्हा ते खरं होतं आणि कोणाला पटलं नाही. दुसऱ्या वेळी ते खोटं होतं. मी सही केली. त्यावर कोणी काही विचारलं नाही.

सरांनी दिलेला शेरा शब्दशः असा होता: सखोल व स्वतंत्र चिंतन. स्वतःचीच वाक्यं त्यांना ओळखू आली नाहीत, की ओळखू आली म्हणूनच आवडली, हे मला आजवर कळलेलं नाही. गुण त्या वर्षीच्या बॅचमध्ये सगळ्यांत जास्त दिले.

निकाल लागला. केनवडचं काम मिळालं. स्थळ मागे पडलं. पुढच्या उन्हाळ्यात रेणुका मला भेटायला विभागात आली. अंगात नवा ड्रेस होता आणि बोलण्यात प्रमाण मराठी. “मी शिकवते आहे, मॅडम,” म्हणाली. मध्येच विसरून एकदोनदा “मले” आलं, ते तिनं लगेच सुधारून घेतलं.

मी विचारलं, “समितीनं परत केलेली तुझी पहिली प्रत आणि ते खर्डे तुझ्याकडेच आहेत ना गं? ती मला दे. एखाद्या नियतकालिकाला पाठवू. तुझ्या नावानं.”

तिनं मान हलवली.

“ती नाहीये. आत्याला वाचून दाखवली होती. दुपारी, बाबा मार्केटला गेले की थोडी थोडी. आत्याला पूर्ण समजली. मधे मधे तीच मला सांगायची, पुढे आता भाऊ असं म्हणेल, आणि तो तसंच म्हणायचा.”

“मग?”

“संपल्यावर म्हनली, हे घरात नको ठेवू. तुह्या बाबाच्या हाती लागलं तं त्याले वाईट वाटीन.” हे सांगताना ती पुन्हा तिच्या बोलीत गेली होती आणि तिनं ते सुधारलं नाही. “मंग खर्ड्यांसकट बंबात टाकली. तिनंच टाकली.”

चहा आला. आम्ही प्यायलो. केनवडची एसटी चुकेल म्हणून ती उठली.

ती कादंबरी अजून अभ्यासक्रमात आहे. दर वर्षी नवी बॅच येते आणि दर वर्षी एखादी मुलगी किंवा मुलगा तास संपल्यावर विभागाच्या दारात येऊन उभा राहतो. पुस्तकात आपल्याला काही वेगळंच दिसलं, असं चाचरत सांगतो. मी त्यांना बसवते, पूर्ण ऐकून घेते, प्रश्न विचारते, चहा पाजते. पूर्वी मी म्हणायचे, हेच लिही.

आता म्हणते, हे मला सांगितलंस ते फार बरं केलंस. पेपरात लिहू नकोस.